पोटखराबा : ६७ हजार चौरस किलोमीटर

"किती एकर?" बाबांचा पहिला प्रश्न.

डॉसनमधल्या एका मोटेलच्या लाकडी पायरीवर बसून मी राजापूरला फोन लावला होता. उद्यापासून चार दिवस फोन लागणार नाही, काळजी करू नका, एवढंच सांगायचं होतं. पण बाबांचा जन्म भूमी अभिलेखात भूकरमापक म्हणून गेला. 'पील नदीच्या खोऱ्याकडे निघालोय' या उत्तरावर त्यांचं समाधान होणं शक्यच नव्हतं. मग मी तिथेच बसून गुणाकार केला. कॅनडाच्या युकॉन प्रांतातलं हे खोरं साधारण ६७ हजार चौरस किलोमीटरचं. म्हणजे एक कोटी पासष्ट लाख एकरांच्या वर.

पलीकडे जरा शांतता. "आपला अख्खा कोकण विभाग दोनदा मावेल की गो त्यात. वस्ती किती?"

"कायमची वस्ती नाहीच. गाव नाही, शेती नाही. एका कडेने एक खडीचा रस्ता जातो, तेवढाच."

"म्हणजे सगळा पोटखराबा," बाबा म्हणाले आणि औषधाची वेळ झाली म्हणून त्यांनी फोन ठेवला.

हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलेय. सातबाऱ्यावर लागवडीखालचं क्षेत्र वेगळं दाखवतात आणि ज्यात काही पिकत नाही ते पोटखराबा म्हणून वेगळं. आमच्या एका गटात चार एकरांपैकी अडीच एकर पोटखराबा आहे, कारण तो सडा आहे, उघडा जांभा. कागदावर तिथे काहीच नाही. पण आजीच्या गोठ्याची शाकारणी त्याच सड्यावरच्या गवताने व्हायची, गावची गुरं तिथेच चरायची, मे महिन्यात आम्ही करवंदांचे द्रोण भरून तिथूनच आणायचो. आणि श्रावणात त्या काळ्या दगडावर फुलांची जी चादर पसरते ती बघायला आता पुण्या-मुंबईहून गाड्या येतात. अशाच सड्यांवर हत्ती, मासे, माणसं कोरलेली कातळशिल्पं सापडली आणि २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. सातबारा मात्र बदलला नाही. क्षेत्र तेच, आकार शून्य.

बाबांचंच ऐकून मला हेही ठाऊक होतं की पोटखराब्यात दोन वर्ग असतात, 'अ' आणि 'ब'. त्याकडे नंतर येते.

*

डेम्पस्टर हायवे डॉसनच्या ४० किलोमीटर पूर्वेला सुरू होतो आणि सातशेच्या वर किलोमीटर उत्तरेला, पार इनुव्हिकपर्यंत जातो. जवळजवळ सगळा खडीचा. जमीन बारमाही गोठलेली, तिला उष्णता लागून ती वितळू नये म्हणून रस्त्याखाली दीड-दोन मीटरचा भराव घातलाय. त्यामुळे आपण सतत बांधावरून चालल्यासारखे चालतो आणि दोन्ही बाजूंना ओली, फुगीर, पायाखाली गादीसारखी दबणारी जमीन. ऑगस्टचे शेवटचे दिवस होते. गुडघ्याएवढी खुरटी बर्च लालभडक झालेली, विलो पिवळा. आम्ही गाडीत दोन जादा चाकं घेतली होती आणि तिसरं घ्यायला हवं होतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

मी एडमंटनला राहते, नकाशांचंच काम करते. बाबांनी शंकू-साखळीने मोजलं, मी उपग्रहाच्या चित्रांवरून मोजते, घराणं तेच. पील खोऱ्याचा नकाशा मी कामानिमित्त कितीदा तरी पाहिला होता. ओगिल्व्ही आणि ब्लॅकस्टोन मिळून पील होते, तिला हार्ट, विंड, बॉनेट प्लूम आणि स्नेक या नद्या दक्षिणेच्या डोंगरांतून येऊन मिळतात आणि शेवटी ती सारं पाणी मॅकेन्झी नदीत नेऊन ओतते. पील हे नाव सर रॉबर्ट पील या इंग्रज राजकारण्याचं. १८२६ मध्ये शोधप्रवासी जॉन फ्रँकलिनने ते नदीला देऊन टाकलं, पील साहेब इकडे कधी फिरकलेही नाहीत. इथले ग्विचिन आदिवासी नदीच्या खालच्या अंगाला राहतात आणि स्वतःला टेटलिट ग्विचिन म्हणवतात, म्हणजे उगमाकडच्या पाण्याची माणसं. राहायचं मुखाजवळ आणि नाव उगमाचं. हे मला फार आवडलं. आमच्याकडेही माणूस चार पिढ्या मुंबईत काढतो आणि आडनावात गाव घेऊन हिंडतो.

नकाशावर या खोऱ्यात डाव्या कडेचा एक रस्ता सोडला तर रेघ म्हणून नाही. आणि जिथे रेघ नसते तिथे काहीतरी ओढावं असं नकाशावाल्यांना वाटतंच. मलाही वाटतं, खोटं कशाला बोला.

*

युकॉनमध्ये रेघ ओढायची एक जुनी पद्धत आहे आणि ती समजल्याशिवाय पुढची भानगड कळत नाही. सोन्यासाठी लोकांची झुंबड उडाली त्या काळापासून चालत आलेल्या खाण कायद्यानुसार कोणीही प्रौढ माणूस सरकारी जमिनीवर जाऊन खुंट्या ठोकू शकतो. विचारायचं कोणाला नाही. लाकडाचा खांब, जमिनीवर निदान चार फूट, वरचा भाग चारही बाजूंनी तासून चौकोनी केलेला आणि त्यावर नंबराची धातूची पट्टी ठोकलेली. एक खांब इथे, दुसरा दीड हजार फुटांवर. त्या रेघेच्या आधारे दीड हजार बाय दीड हजार फूट, म्हणजे सुमारे ५२ एकर जमिनीखालच्या खनिजावर तुमचा दावा लागला. मग कचेरीत जाऊन नोंद करायची, फी भरायची, दरवर्षी थोडं काम दाखवत राहायचं.

डॉसनजवळच्या एका ओढ्यावर मी असा खांब पाहिला. स्प्रूसचं खोड, ऊन-बर्फाने राखाडी झालेलं, टोक कुऱ्हाडीने तासलेलं. कुऱ्हाडीचे घाव अजून मोजता येत होते. पट्टीवरचे आकडे अंगठा फिरवला की लागत होते. आमच्याकडे हद्दीचे दगड असतात तसंच हे, फक्त एक फरक. आमच्याकडे दगड रोवायच्या आधी लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. बाबा त्या नोटिशी स्वतः पोचवायचे, कारण शिपायाने पोचवलेली नोटीस पोचली नाही असं म्हणायची आमच्या तालुक्याला सवय होती.

पील खोऱ्यात स्नेकच्या डोंगरांत लोखंड आहे, बॉनेट प्लूमकडे कोळसा आहे, युरेनियमच्या आशेनेही लोक फिरले. खोऱ्यातल्या जमिनीचा वापर ठरवणाऱ्या आराखड्याचं काम सुरू झालं तशी खुंट्यांची घाई झाली, कारण उद्या दार बंद होणार असेल तर आज आत पाय घालून ठेवावा, हे सगळ्यांनाच सुचतं. हजारो दावे नोंदले गेले. शेवटी फेब्रुवारी २०१० मध्ये सरकारने खोऱ्यात नव्या खुंट्या ठोकायला तात्पुरती मनाई केली. आधीच्या मात्र आजही आहेत.

*

रस्त्यात ईगल प्लेन्स नावाचं एकमेव हॉटेल लागतं, ३६९व्या किलोमीटरला. पंक्चर काढून घ्यायला आम्ही तिथे तीन तास बसलो आणि भिंतीवरचे जुने फोटो पाहिले. त्यात 'हरवलेल्या गस्ती'चे होते.

२१ डिसेंबर १९१० रोजी घोडदळ पोलिसांचा इन्स्पेक्टर फ्रान्सिस फिट्झजेराल्ड तीन माणसं आणि कुत्र्यांच्या गाड्या घेऊन पीलच्या काठावरच्या फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनला निघाला. मोहीम वार्षिकच, टपाल पोचवायचं. पण यंदा त्याला वेगात जायचं होतं, पुढे लंडनला राजा पाचव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाला हजर राहायचं होतं. सामान हलकं म्हणून शिधा कमी घेतला. वाटेत भेटलेला इसाव जॉर्ज नावाचा ग्विचिन माणूस काही दिवस वाटाड्या म्हणून बरोबर होता. मग फिट्झजेराल्डने त्याचे पैसे चुकते केले आणि त्याला परत पाठवलं. कार्टर नावाच्या गड्याला रस्ता माहीत होता ना! माहीत होता तो असा, की तो एकदाच त्या वाटेने गेला होता आणि तोही उलट्या दिशेने.

विंड नदीच्या वरच्या अंगाला एका ओढ्याच्या तोंडाशी वळायचं होतं. ते तोंड सापडेना. दिवसांमागून दिवस त्यांनी एकेक घळ तपासली. कार्टरच्या शब्दावर विसंबायला नको होतं, असं फिट्झजेराल्डने डायरीत लिहून ठेवलंय. मग ते मागे फिरले, एकेक करून कुत्रे मारून खाल्ले आणि चौघेही मेले. त्यातले दोघे तर फोर्ट मॅकफर्सनपासून चाळीसेक किलोमीटरवर. त्यांना शोधायला डॉसनहून कॉर्पोरल डेम्पस्टर निघाला. त्याने मात्र ग्विचिन वाटाड्या शेवटपर्यंत बरोबर ठेवला. मार्चमध्ये त्याला प्रेतं सापडली. रस्त्याला नाव त्याचं मिळालं. इसाव जॉर्जच्या नावाचा रस्ता मला कुठे दिसला नाही.

पंक्चर काढणारा मुलगा म्हणाला, "सगळे हेच फोटो बघतात आणि मग जादा पेट्रोल भरतात." आम्हीही भरलं.

*

आता आराखड्याकडे यायला हवं आणि त्यासाठी १९७३पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी १४ फेब्रुवारीला एलाइजा स्मिथ यांच्या नेतृत्वाखाली युकॉनच्या आदिवासी प्रमुखांचं एक शिष्टमंडळ ओटावाला गेलं आणि पंतप्रधान पिअर ट्रुडो यांच्या हाती त्यांनी एक निवेदन दिलं. आमच्याशी कधी कोणी जमिनीचा करार केलाच नाही, तर तो आता करा, असा त्याचा मथितार्थ. करार व्हायला २० वर्षं लागली. १९९३चा तो चौकट-करार आणि त्याखालचे एकेका फर्स्ट नेशनचे, म्हणजे आदिवासी समूहाचे, अंतिम करार, यांत युकॉनच्या ४ लाख ८२ हजार चौरस किलोमीटरपैकी सुमारे ४१ हजार ६०० चौरस किलोमीटर जमीन फर्स्ट नेशनांकडे राहील असं ठरलं. नऊ टक्क्यांच्याही आत. उरलेल्यावरचा वडिलोपार्जित हक्क करार करणाऱ्यांनी सोडला.

इतका मोठा सौदा कोणी कशाच्या बदल्यात करतं? पैसा होता, स्वशासन होतं. पण एक गोष्ट त्या करारात अशी होती की जी मला वाचतावाचता थांबवून गेली. जी जमीन सोडली तिचं पुढे काय करायचं हे ठरवताना आम्हाला विचारलं जाईल, असं अकराव्या प्रकरणात लिहून घेतलं होतं. प्रकरणाचं नाव भूवापर नियोजन. वाचायला अगदी रुक्ष, पायऱ्यांमागून पायऱ्या. सातबाऱ्यावर मालकाच्या शेजारी 'इतर अधिकार' असा एक रकाना असतो. कुळाचं नाव, शेजाऱ्याची वहिवाटीची वाट, विहिरीतला हिस्सा, सगळं त्या रकान्यात. जमीन विकत घेताना जाणता माणूस मालकाचं नाव नंतर वाचतो, आधी हा रकाना. फर्स्ट नेशनांनी मालकाच्या रकान्यातून नाव काढून इतर अधिकारात घातलं आणि ते नीट शाईने लिहून घेतलं.

२००४ मध्ये पील खोऱ्याचा नियोजन आयोग बसला. ना-चो न्याक डन, ट्रॉन्डेक ह्वेचिन आणि वुंटुट ग्विचिन ही तीन युकॉनची फर्स्ट नेशन, शिवाय प्रांताच्या सीमेपलीकडचे टेटलिट ग्विचिन, आणि युकॉन सरकार. आयोगाने शास्त्रज्ञांचे अहवाल घेतले, खाणवाल्यांचं ऐकलं, वृद्धांकडून कॅरिबूंच्या, म्हणजे उत्तरेकडच्या रानटी हरणांच्या, वाटा, मासेमारीच्या जागा, जुन्या मुक्कामाच्या जागा नकाशावर घेतल्या. २००९च्या शेवटी पहिला आराखडा दिला. नियमाप्रमाणे त्यावर सरकारने आपलं म्हणणं कारणांसह लेखी द्यायचं होतं. सरकारने २०११च्या सुरुवातीला पाच बदल सुचवले. त्यातले दोन अगदीच मोघम होते. आराखडा अधिक 'समतोल' हवा आणि रस्त्यांसाठी पर्याय द्या, असं काहीसं. आयोगाने शक्य ते केलं आणि जुलै २०११ मध्ये अंतिम शिफारस दिली. ८० टक्के खोरं संरक्षित, त्यातलं ५५ टक्के कायमचं आणि २५ टक्के सध्यापुरतं, पुढे फेरविचार करण्याच्या बोलीवर. उरलेल्या २० टक्क्यांत विकासाला वाव.

आयोगाचा युक्तिवाद साधा होता. आज राखलेली जमीन उद्या उघडता येते. आज उघडलेली उद्या पूर्ववत करता येत नाही. यात भावनेचं काही नाही, हा घाई न करण्याचा हिशोब आहे.

(त्याच वर्षी, महिनाभराने, ऑगस्ट २०११ मध्ये पुण्याच्या माधव गाडगीळांच्या समितीने पश्चिम घाटाचा अहवाल दिल्लीला सादर केला होता. त्याचं पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. दुसरी समिती नेमली गेली आणि २०१३ मध्ये घाटाच्या साधारण ३७ टक्क्यांवर गोष्ट आली. योगायोगावर मी फार भार टाकत नाही, पण तारखा शेजारी ठेवल्या की मान आपोआप हलते.)

आणि मग युकॉन सरकारने जे केलं ते मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, हरकती-सूचना मागवतात, सुनावणी होते आणि शेवटी जो नकाशा मंजूर होऊन येतो तो वेगळाच असतो. जानेवारी २०१४ मध्ये सरकारने स्वतःचा आराखडा मंजूर केला. संरक्षण २९ टक्के, उघडं ७१ टक्के. आकडे जवळजवळ उलटे करून.

त्याच महिन्यात दोन फर्स्ट नेशन आणि दोन पर्यावरण संस्था कोर्टात गेल्या. त्यांचे वकील होते टॉमस बर्जर. या माणसाबद्दल एवढंच सांगते की सत्तरच्या दशकात मॅकेन्झी खोऱ्यातून वायूची नळवाहिनी न्यायची की नाही याच्या चौकशीसाठी सरकारने त्यांना नेमलं, ते तेव्हा न्यायाधीश होते, तेव्हा त्यांनी सुनावणी शहरातल्या सभागृहात न संपवता ३५ गावांत नेली, फोर्ट मॅकफर्सनलाही, आणि १९७७ मध्ये लिहून दिलं की दहा वर्षं थांबा, आधी जमिनीचे हक्क ठरवा. पील खटल्यात ते सर्वोच्च न्यायालयासमोर उभे राहिले ती तारीख २२ मार्च २०१७. दुसऱ्या दिवशी त्यांना ८४ वर्षं पूर्ण होणार होती.

१ डिसेंबर २०१७ला निकाल आला. मी तो अख्खा वाचला, नकाशाच्या माणसाने एकदा तरी वाचावा असा आहे. गंमत अशी की कोर्टाने जंगल चांगलं की खाण चांगली याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. टक्केवारीही ठरवून दिली नाही. कोर्ट एवढंच म्हणालं की करारात पायऱ्या आहेत आणि त्यांना क्रम आहे. ज्या पायरीवर बोलायचं होतं तिथे तुम्ही मोघम बोललात. शेवटच्या पायरीवर येऊन अख्खा आराखडा नव्याने मांडायचा अधिकार तुम्हाला नाही. आधी सुचवलेल्या बदलांच्या आधारे किंवा परिस्थिती बदलली म्हणून किरकोळ दुरुस्ती करा, बस. खालच्या अपील कोर्टाने सरकारला मागच्या पायरीवर जाऊन पुन्हा नीट बोलायची संधी दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने तीही काढून घेतली. स्वतःचं म्हणणं वेळेवर नीट मांडलं नाही तर त्याचा भुर्दंड स्वतःच सोसायचा.

२२ ऑगस्ट २०१९ रोजी मेयो या छोट्या गावात सगळ्यांनी आराखड्यावर सह्या केल्या. ५५ टक्के कायमचं संरक्षण, २८ टक्के तूर्तास राखीव, १७ टक्क्यांत अटींवर विकास. आयोग बसल्यापासून १५ वर्षं. बहुतांश जमिनीवर काहीही करायचं नाही, हे ठरवायला.

हे लोक खाणींच्या नावानेच बोटं मोडणारे आहेत, असं कोणाला वाटेल. तसं नाही. ना-चो न्याक डनांच्याच मुलखात, पण पील खोऱ्याच्या बाहेर, ईगल नावाची सोन्याची खाण त्यांच्याशी करार करून उभी राहिली आणि तिचं पहिलं सोनं आराखड्यावर सह्या झाल्या त्याच्या पुढच्याच महिन्यात निघालं. जून २०२४ मध्ये तिथला धातुकाचा प्रचंड ढीग घसरला आणि सायनाइडचं द्रावण बाहेर पडलं. मेयोतल्या माणसांना दोन्ही बाजू पुस्तकात वाचाव्या लागत नाहीत.

*

५३९व्या किलोमीटरला रस्ता पाण्यात जातो. पलीकडे नेणारी फेरी जाड तारेला धरून नदी ओलांडते. हिवाळ्यात याच जागी बर्फावरून गाड्या जातात. पील इथे रुंद, गढूळ, चहाच्या रंगाची. आम्ही रांगेत तिसरे होतो आणि फेरी पलीकडच्या काठाला. पुढच्या पिकअपमधून एक आजीबाई उतरल्या. सत्तरीच्या असाव्यात, पायात रबरी बूट, हातात आइस्क्रीमचा रिकामा झालेला चार लिटरचा डबा, आत काठोकाठ रानटी क्रॅनबेरी. मूठभर माझ्या हातावर ठेवल्या. आंबट अशा की डोळे मिटले. मला आमसुलं आठवली आणि मी तसं बोलूनही गेले, मग आमसूल म्हणजे काय ते समजावण्यात पाच मिनिटं गेली.

बोलता बोलता मी दक्षिणेकडे हात करून विचारलं, "तिकडे वर कोणी राहत नाही ना?"

"तुझ्या फ्रीजमध्ये कोणी राहतं का?" त्या म्हणाल्या आणि स्वतःच्याच विनोदावर इतक्या हसल्या की डबा कलंडला. दोघींनी मिळून खडीतून क्रॅनबेरी वेचल्या.

त्यांच्या फ्रीजमध्ये मुख्यतः कॅरिबू असतो. पॉर्क्युपाइन कळप म्हणतात त्याला, याच नावाच्या नदीवरून. १९८९ मध्ये तो १ लाख ७८ हजारांचा होता, २००१ मध्ये १ लाख २३ हजारांवर उतरला आणि २०१७च्या मोजणीत २ लाख १८ हजार भरला. मोजणीची तऱ्हा मोठी मजेची आहे. जुलैत डासांचे थवे इतके चावतात की बिचारी जनावरं एकमेकांना खेटून दाट घोळके करतात. नेमका तो दिवस साधून विमानातून फोटो काढायचे आणि मग टेबलावर बसून एकेक ठिपका मोजायचा. डास नसतील तर मोजणी नाही. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, आमच्या वेळी मोजणीला पोलीस बंदोबस्त लागायचा, डास बरे.

शिकारीची जुनी रीत आजीबाईंनी सांगितली. कळप उतरू लागला की पहिला घोळका जाऊ द्यायचा. पुढारी असतात ते, त्यांना वाट ठाऊक असते. त्यांना मारलं की मागचे भांबावतात, दुसरीकडेच जातात. मला एकदम ईगल प्लेन्सच्या भिंतीवरचा फिट्झजेराल्ड आठवला, वाटाड्याचे पैसे चुकते करताना.

आराखड्याची हद्द मात्र कॅरिबूंना लागू नाही. ते हिवाळ्यात पील आणि ओगिल्व्हीच्या डोंगरांत असतात आणि विण्यासाठी जातात अलास्काच्या किनाऱ्यावर, अमेरिकेत. तिथल्या किनारपट्टीखाली तेल आहे. कॅनडाच्या कोर्टाने निकाल दिला १ डिसेंबरला आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला अमेरिकेत ज्या करकपातीच्या कायद्यावर सही झाली, त्यातल्या एका कलमाने नेमका तोच किनारा तेलासाठी खुला करायची वाट काढली. तीन आठवड्यांचं अंतर. तिथे विचारायच्या पायऱ्या वेगळ्या, कोर्टं वेगळी, आणि जनावर तेच.

फेरी आली. गाड्या चढल्या. मधोमध आल्यावर तारेचा घरघर आवाज येतो आणि पाणी बाजूने ओढ काढतं. आजीबाई गाडीतच बसून राहिल्या, त्यांनी ही नदी हजारदा ओलांडली असणार. मी कठड्याशी उभी राहून वरच्या अंगाला पाहत होते. काही दिसत नव्हतं. वळणापलीकडे वळण आणि पावसाचा एक पडदा.

*

एडमंटनला पोचल्यावर रविवारी बाबांना फोन केला. त्यांना प्रवासवर्णनात रस नव्हता, जमिनीचं काय ठरलंय ते हवं होतं. मी टक्केवारी वाचून दाखवली. त्यांनी कागद घेतल्याचा आवाज आला. मोजणीचा नकाशा असो की किराण्याची यादी, बाबा आधी पेन्सिलने लिहितात आणि पडताळून झाल्यावरच शाई.

"त्या १७ टक्क्यांत खाणी चालतील?"

"अटींवर चालतील."

"मग ते लागवडीखालचं क्षेत्र. त्याला पोटखराबा म्हणायचं नाही."

मी म्हटलं, बाकीचं ८३ टक्के तरी पोटखराबा धरायचं की नाही? तुम्हीच म्हणाला होतात.

"म्हणालो होतो, पण वर्ग विचारला नव्हता." आणि मग त्यांनी मला लहानपणी शिकवलेला धडा पुन्हा दिला. खडकाळ, नापीक, काही न पिकणारं ते वर्ग 'अ'. त्यात उद्या कोणी माती टाकून लागवड केली तर करता येते, मग आकारणी होते. वर्ग 'ब' वेगळा. तोही आकारणीतून सोडलेला, पण तो नापीक म्हणून सोडलेला नाही. लोकांच्या वहिवाटीची वाट, गावाचं पिण्याचं पाणी जिथून येतं तो ओढा, तळं, स्मशान, दफनभूमी. ते मोडून नांगर घालता येत नाही, मग खातेदार कोणीही असो.

"वाटा आहेत म्हणालीस त्या जनावरांच्या. पाणी आहे. माणसं पुरलेली असतील?"

"असणारच. हजारो वर्षं आहेत लोक तिथे."

"मग ५५ टक्के 'ब' धर. आणि ते २८?"

"त्याचा पुढे फेरविचार होणार आहे."

"म्हणजे 'अ'," बाबा म्हणाले. "ते पेन्सिलने लिही."